गाडी खाली करो

लखनौला तेलीबागच्या बाजारात मी मेथी निवडत होते, तेवढ्यात मागून खट... खट... असा आवाज आला. वळून बघते तर काय, विटकरी रंगाची जुनी काँटेसा गाडी! लांबलचक नाक पुढे काढून स्पीडब्रेकर उतरत होती. मी पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेली, चिनहटला गाड्यांचे रबरी पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. असले आवाज माझ्याच्याने सहन होत नाहीत.

"अगं बाई, हिचे पुढचे बुश पार गेलेत की!" माझ्या तोंडून निघून गेलं.

गाडी थांबली. खिडकीतून एक कुरळं डोकं बाहेर आलं.

"आप... मराठी?"

असा भेटला अमोघ. वडील बँकेत होते, म्हणून जन्म लखनौचाच. मराठी सगळं कळायचं, पण बोलायची वेळ आली की गडी हिंदीत पळायचा. गाडी म्हणजे त्याची 'अपनी देसी मसल कार'.

"बुश म्हणजे सांध्यातलं रबर," मी समजावलं. "चाकाला धरणारा लोखंडी आर्म असतो ना, त्याच्या सांध्यातलं. हिचे गुडघे गेलेत."

"पॉलीयुरेथेन लगा दें? व्हिडिओ में तो सब वही लगाते हैं।"

"लाव की ते दगडासारखं प्लास्टिक! आणि मग रायबरेली रोडवर दात वाजवत फीर. त्यापेक्षा मी जरा कडक रबराचे देते, आधीच्यापेक्षा चांगले."

तो हसला. डोळ्यांत हसला, मेला... आणि माझी मेथी तिथंच राहिली.

मग रविवार सुरू झाले. त्याच्या घरामागच्या अंगणात कोवळं ऊन, त्याची आई, कल्पनाकाकू, खाटेवर मटार सोलताहेत, आणि आम्ही दोघं गाडीखाली. आमचा करार ठरला होता — रविवारी मी हिंदी बोलायचं, त्यानं मराठी. दोघांचीही फजिती!

एकदा माझ्या गालाला ग्रीस लागलं. त्यानं स्वतःच्या गालावर बोट ठेवून दाखवलं, "इथे... इथे आहे." पुसलं मात्र नाही. मी उगीच दुसरा गाल पुसत बसले. तरी नाही!

मला तो आवडायला लागला होता. हो, सरळ सांगते, फार आवडायला लागला होता. आणि माझे लखनौतले सहा महिने संपत आले होते. पुण्याच्या सरांना सोमवारच्या आत कळवायचं होतं, अजून वर्षभर राहणार की परत येणार. राहायला कारण हवं होतं, आणि कारण समोर पाना धरून गप्प बसलं होतं.

त्या शेवटच्या रविवारी नवे बुश बसवलेले आर्म आम्ही गाडीला लावले. गाडी लोखंडी घोड्यांच्या टेकूवर उभी, बोल्ट अजून सैल. तेवढ्यात सरांचा फोन वाजला. मी गेटकडे जाता जाता करारानुसार हिंदीत ओरडले, "पहले गाड़ी खाली करो, फिर बोल्ट कसो!"

"सर, संध्याकाळी सांगते," म्हणून परत आले आणि बघतच राहिले. खाटेवर मटारांशेजारी सगळा संसार मांडलेला! स्टेपनी, छत्री, कॅसेटांचा डबा, काकूंची हरवलेली शाल. आणि गाडी? अजून घोड्यांवरच, बोल्ट घट्ट कसलेले.

"हे काय केलंस रे?"

"तू म्हणाली ना... खाली करो. मी खाली केली. पूरी!"

मी कपाळावर हात मारला. "अरे देवा! खाली म्हणजे खाली रे, जमिनीवर! गाडीचं वजन आल्याशिवाय कसायचं नसतं. अधांतरी कसलं की रबराला पीळ पडतो, मग ते फाटतं."

"हिंदीत खाली म्हणजे रिकामी! मला वाटलं, सामान काढायचं."

काकू तर हसून हसून मटार सांडत होत्या. हसता हसता मला शालीखाली एक पुडकं दिसलं. चौक बाजारातल्या दुकानाचं. त्यावर माझं नाव.

"हे?"

अमोघचे कान लाल झाले. "ते... सीटखाली होतं. दो महीने से."

आत फिकट निळी चिकनकारीची ओढणी, आणि एक चिठ्ठी. लहान मुलासारख्या अक्षरात एकच ओळ होती — 'मला आप आवडते.'

काकू एकाएकी चहा टाकायला उठल्या.

"चूक आहे," मी म्हणाले.

त्याचा चेहरा पडला. "चूक?"

"'आप' नाही, 'तू'. आणि 'आवडतेस'."

त्यानं ग्रीसचे हात पुसले. मग अगदी हळू म्हणाला, "तू... मला आवडतेस, उल्का."

"आता बरोबर," मी म्हणाले. "मलाही."

आम्ही बोल्ट सैल केले, गाडी जमिनीवर उतरवली, वजन येऊ दिलं आणि मग कसले. ओढणी गळ्यात घेऊन मी उभी राहिले, तर त्यानं दार उघडलं.

"बाजूची सीट खाली आहे."

"कुठल्या भाषेत?"

"दोन्ही!"

खरंच की, बसले तर वीतभर खाली गेले. बाजाराच्या रस्त्याला लागल्यावर मी सरांना फोन लावला. "सर, मी लखनौलाच राहते."

समोर तोच स्पीडब्रेकर आला. अमोघनं श्वास रोखला, मीही रोखला. गाडी अलगद चढली आणि अलगद उतरली.

"हॅलो? उल्का? आवाज येतोय का?" सरांनी विचारलं.

"नाही सर," मी अमोघकडे बघत म्हणाले, "अजिबात येत नाही!"