वामकुक्षीच्या खुर्च्या

"ताई, बाबांची ही दुपारची झोप मला बरी दिसत नाही."

दोन महिन्यांपूर्वी बाबांच्या वृद्धसेवा केंद्रात भांडी घासणाऱ्या मावशींनी मला तिथल्या फाटकापाशी थांबवून हे सांगितलं होतं. माझ्या कडेवर पिल्लू भोकाड पसरून रडत होतं, खांद्यावर डायपरची पिशवी होती. "मावशी, ह्या वयात माणूस झोपणारच की," असं म्हणून मी चालती झाले.

त्याची शिक्षा मला नाही, बाबांना झाली. सोमवारी दुपारी त्या वृद्धसेवा केंद्रात त्यांचे ओठ निळे पडले, श्वास मंदावला. मी त्यांना सकाळी तिथे सोडते, संध्याकाळी घरी आणते. त्या दिवशी थेट रुग्णालयात गाठलं. डॉक्टर म्हणाले, "वेदनाशामक औषध भलतंच जास्त गेलंय अंगात. अजून अर्धा तास गेला असता तर..." पुढचं त्यांनी गिळलं.

बाबा वाचले. बुधवारी सकाळी केंद्राच्या संचालिकाबाईंचा फोन आला. दोषी सापडली होती. मावशींनी म्हणे बाबांना चोरून गोळ्या दिल्या. तक्रार टाइप करून तयार आहे, मुलगी म्हणून तुमची सही हवी, चार वाजता पोलीस येऊन मावशींना घेऊन जातील.

मी पिल्लूला उचललं आणि खाली जायच्या ऐवजी वर गेले, तिसऱ्या मजल्यावर.

तिथे निरीक्षकबाई राहतात. औषध तपासणी खात्यात आयुष्य घालवलं, आता खासगी तपास करतात. त्यांचे धाकटे दीर त्यांच्यासोबत असतात, निवृत्त चित्रकला शिक्षक. अख्खी इमारत त्यांना भाऊजीच म्हणते. गाडी तेच चालवतात, आणि गुन्हेगार कोण हे पहिल्या पाच मिनिटांत ठरवून टाकतात. आजवर एकदाही बरोबर निघालेलं नाही.

"मावशीच," जिना उतरता उतरता भाऊजी म्हणाले.

"भाऊजी, आधी गाडीची किल्ली शोधा. ती सकाळपासून सापडत नाहीये तुम्हाला," निरीक्षकबाई म्हणाल्या.

गाडीत त्यांनी आधी रुग्णालयाचा अहवाल वाचला, मग मला विचारायला सुरुवात केली.

"बाबांना औषध कशातून मिळतं?"

"पट्टीतून. मणक्याचं दुखणं आहे ना. जेलीसारखी चौकोनी पट्टी, काचेसारखी स्वच्छ. त्यातून औषध हळूहळू झिरपतं. सोमवारी एक, गुरुवारी एक. केंद्रातली सिस्टर लावते, पाठीवर."

"खोकं पाहिलंस कधी? आतला कागद?"

"नाही. ते सगळं केंद्रातच असतं."

"बरं. घरी काय दिसतं? बारीकसारीकही सांग."

मी जरा ओशाळले. "हसू नका हं. पिल्लूमुळे सवय लागलीय, कोणी ओलं आहे का ते हाताने बघायची. बाबा घरी आले की त्यांच्या पाठीवरूनही हात फिरतो. पट्टीच्या जागी बनियन ओलसर लागतं."

"घाम, दुसरं काय," भाऊजी म्हणाले.

"घाम चौकोनी येतो होय, भाऊजी?" निरीक्षकबाई माझ्याकडे वळल्या. "रोज लागतं?"

"सोमवारी हमखास. मंगळवारी थोडंसं. गुरुवारी कधीच नाही, शुक्रवारी पुन्हा लागतं. गुरुवारी बाबा दुपारभर जागे असतात, कॅरममध्ये सगळ्यांना हरवून येतात."

"आणि रात्री?"

"मंगळवारी, बुधवारी रात्री कण्हतात, शनिवार-रविवारीही. कूस बदलता येत नाही. गुरुवारी रात्री मात्र शांत झोपतात."

त्यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि वही मिटली. भाऊजींनी आरशातून डोकावायचा प्रयत्न केला आणि गाडी जवळजवळ खांबावर घातली.

केंद्रात पहिल्यांदा सिस्टर भेटली. तरुण, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बोलणारी.

"गोळ्यांचं कपाट कोण उघडतं?"

"मी आणि मॅडम. दोनच किल्ल्या आहेत. मोजल्या सगळ्या, एकही कमी नाही."

"मग मावशींनी कुठून दिल्या?"

"त्यांच्या पिशवीत पाकीट सापडलं ना!" तिने ड्रॉवरमधून एक पाकीट काढून दाखवलं.

निरीक्षकबाईंनी ते उलटसुलट केलं. "ही गुडघेदुखीची साधी गोळी आहे. रुग्णालयाचा अहवाल वाचलास? बाबांच्या रक्तात फक्त पट्टीतलं औषध होतं. ह्या गोळीचा मागमूसही नाही."

सिस्टरने ओढणीला आणखी एक वेढा दिला.

"पट्ट्यांची नोंदवही दे."

वहीत सात नावं होती. 'जागा' ह्या रकान्यात तीन महिन्यांपूर्वीपर्यंत सातही जणांपुढे 'दंड' लिहिलेलं. तिथून पुढे सगळ्यांपुढे 'पाठ'.

"हे का बदललं?"

"हाताला पोचते, म्हणून ओढून काढतात ते," सिस्टर पुटपुटली. "आणि खोक्यातले कागद मॅडमच्या फाइलीत असतात." हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

मावशी भांडी घासायच्या मोरीपाशी बसल्या होत्या. त्यांना आत यायची मनाई केलेली. मला बघून उठल्या, पण बोलल्या निरीक्षकबाईंशीच.

"सोमवारी काय झालं, मावशी?"

"पाहुणे यायचे होते, बाई. फोटोबिटो काढायला. मॅडम म्हणाल्या, आज गडबड नको. रोज एकला जेवणं झाली की दोनपर्यंत वामकुक्षी. त्या दिवशी बारालाच जेवू घालून खोलीत नेऊन बसवलं, ते अडीचपर्यंत. मी दोनदा म्हटलं, उठवू का? तर मलाच झापलं."

"तुम्ही त्या खोलीत होता?"

"मला कुठं जाऊ देतात! वीस माणसांमागं आम्ही दोघीच आता. पूर्वी पाच होतो. मी भांड्यांना, दुसरी धुण्याला."

"गुरुवारी खोलीत वेगळं काय असतं?"

मावशींनी विचार केला. "काही नाही बाई. फक्त लाइट जातात. बारा ते तीन. ह्या रस्त्याला दर गुरुवारी दुरुस्तीसाठी बंद असतात. पंखे नसतात, म्हणून झोपत नसतील बिचारे."

"बघा, उकाडा!" भाऊजी विजयी सुरात म्हणाले.

वामकुक्षीची खोली स्वच्छ होती, इतकी की मला सहा महिन्यांपूर्वी तीच बघून हे केंद्र आवडलं होतं. मागे कलणाऱ्या वीस खुर्च्या, प्रत्येकीला जाड गादी, मानेपाशी कापडावर शिवलेलं नाव. माणसं बाहेर जेवत होती.

भाऊजी पहिल्याच खुर्चीत धपकन बसले. "वा! थंडगार." मग बाबांच्या खुर्चीत जाऊन पाय पसरले. दोन मिनिटं गेली. "वहिनी, ही तर जास्तच छान आहे. पाठ कशी शेकून निघतेय! घरी एक घेऊ या."

"उठा," निरीक्षकबाई म्हणाल्या. त्या खाली वाकल्या, गादीमागून निघालेली वायर बोटाने धरत भिंतीतल्या चालू बटणापर्यंत गेल्या. मग खोलीभर तशाच वाकून फिरल्या. मोजत होत्या.

साडेतीनला आम्ही संचालिकाबाईंच्या कार्यालयात बसलो. सिस्टर आणि मावशी दाराशी. टेबलावर तक्रार, तिच्यावर पेन.

"सही करा ना," संचालिकाबाई मला म्हणाल्या. "तुमच्या वडिलांच्या जिवाचा प्रश्न होता."

"होताच," निरीक्षकबाई म्हणाल्या. "म्हणून आधी एक प्रयोग. मुली, एक डायपर दे. कोरडा."

मी दिला. त्यांनी तो कापला, आतली पांढरी भुकटी पेल्यात झटकली, वर पाणी ओतलं. बघता बघता पाणी नाहीसं झालं आणि पेला थरथरत्या जेलीने भरला. त्यांनी पेला सरळ उलटा केला. थेंबही पडला नाही. भाऊजींनी टेबलावरचा आपला हात तरीही मागे घेतला.

"हा जेल म्हणजे मूठ. पाणी घट्ट धरून ठेवते. आता मावशी, चिमूटभर मीठ आणा."

मीठ पडलं तशी जेली खचली. पेल्यात पुन्हा पाणी हिंदकळू लागलं.

"मूठ उघडली. ह्या जेलची मूठ मिठाने उघडते. हुशार जेल बनवणारे ठरवतात, कुठल्या जेलची मूठ कशाने उघडावी. बाबांच्या पट्टीतल्या जेलची उघडते उष्णतेने. अंगाच्या उबेला ती फुगलेली असते, औषध थेंबाथेंबाने सोडते. त्याहून जास्त शेक लागला की आक्रसते, आणि पोटातलं पाणी औषधासकट पिळून बाहेर टाकते."

"चौकोनी ओल!" मी म्हणाले.

"बरोबर. तिथेच मला पहिला संशय आला. दुसरं, रात्रीचं कण्हणं. भाऊजी, जास्तीच्या गोळ्या मिळालेला माणूस दुसऱ्या रात्री कण्हेल का?"

"नाही... उलट गुंगीत असेल."

"कण्हतो तो, ज्याची पट्टी रिकामी झालीय. तीन दिवसांचं औषध सोमवारच्या एका दुपारीच बरंचसं संपायचं. तिसरं, गुरुवार. नवी पट्टी गुरुवारीही लागते. पट्टीच जहाल असती, तर गुरुवारीही बाबा गाढ झोपले असते. पण त्या दिवशी वीज नसते, म्हणून खुर्ची तापत नाही. आणि ह्या सोमवारी पाहुण्यांसाठी एका तासाऐवजी अडीच तास शेकलं त्यांना."

संचालिकाबाईंनी पदर सारखा केला. "अहो, म्हातारी माणसं. थंडी वाजते त्यांना. ऊब द्यावी म्हणून केलेली सोय ती. आम्हाला काय माहीत पट्टीचं!"

"उबेसाठी?" निरीक्षकबाईंचा आवाज चढला. "खोलीत वीस खुर्च्या आहेत. वायर सात खुर्च्यांना आहे. नोंदवहीत पट्टीवाले सात आहेत. त्याच सात जणांची नावं त्या सात खुर्च्यांवर शिवलेली आहेत. तुमच्या केंद्रात थंडी फक्त पट्टीवाल्यांनाच वाजते का हो?"

पिल्लूने जांभई दिली.

"आणि दंडावरच्या पट्ट्या पाठीवर गेल्या तीन महिन्यांपूर्वी. दंड खुर्चीच्या गादीला टेकत नाही, पाठ टेकते. सिस्टर, खुर्च्यांना वायर कधी बसवली?"

सिस्टर रडायलाच लागली. "त्याच आठवड्यात. मॅडमनी सांगितलं म्हणून केलं मी. कागदावर लिहिलंय, दुखणं फार वाढलं तर पाच मिनिटं शेक द्यावा, त्यापेक्षा जास्त कधीच नाही. मॅडम म्हणाल्या, पाच मिनिटांत सुस्तावतात, तासात शांत होतील."

"शांत!" संचालिकाबाई उसळल्या. "तुम्ही सांभाळून दाखवा! एक ओरडतो, एक फाटकाकडे पळतो, ह्यांचे वडील दिवसभर प्रश्न विचारतात. दोन बायकांत कसं भागवायचं? झोपलेले असले म्हणजे कुणाला त्रास नाही."

माझ्या बाबांनी आयुष्यभर प्रश्नच विचारले. मला शिकवलं तेही प्रश्न विचारून. आणि ह्या बाईने त्यांच्या पाठीला शेगडी लावून त्यांचं तोंड बंद केलं, वर त्यासाठी भांडी घासणाऱ्या बाईला तुरुंगात धाडायला निघाली, आणि पेन माझ्याच हातात देऊन! मी ती तक्रार फाडली. तिच्याच मागच्या कोऱ्या पानाच्या तुकड्यावर दुसरी लिहायला घेतली, तेव्हा भाऊजींनी मुकाट्याने आपल्या वहीतला अख्खा कागद माझ्यापुढे सरकवला.

चार वाजता पोलीस आले. सिस्टरने फाइल स्वतःच काढून दिली.

मावशींचे पाय धरायला मी वाकले, तर त्या मागे सरकल्या. "असू दे ताई. बाबा आज जेवले का?" एवढंच विचारलं.

पट्टीवाल्या बाकीच्या सहांपैकी पाच घरांना त्याच संध्याकाळी फोन केले. एका मुलाने माझ्यावरच आरडाओरडा केला, मग फोनवर रडला. सहाव्या घरचा फोन लागत नाही. त्या खुर्चीवरच्या आजींना गेल्या आठवड्यातच एक दूरचा पुतण्या घेऊन गेला, पट्ट्यांच्या दोन खोक्यांसकट. कागद नसलेल्या खोक्यांसकट. दिलेल्या पत्त्यावर कुलूप आहे. पोलीस शोधताहेत, पण त्यांच्या चालीने.

मावशी सांगतात, आजी ठेंगण्या आहेत, उजव्या भुवईत व्रण आहे, सुईशिवाय नुसत्या बोटांनी हवेत विणत बसतात. पुतण्याला वाटत असेल, म्हातारीला पाठीला गरम पिशवी दिली की किती छान झोप लागते.

तुमच्या शेजारी अशा कुणी आजी नव्याने राहायला आल्या असतील, तर हे वाचून झाल्यावर जरा जाऊन या. आगाऊपणा वाटला तरी चालेल. त्यांना हाक मारा, उठतात का बघा, आणि पाठीखाली हात घालून बघा.