आईच्या फोटोवरचा गुलाबी रंग

हे कुणाला सांगणार नाही, असं वचन झुल्मिरा मावशीने माझ्याकडून घेतलंय. तरी लिहिते आहे. शाळा सुटली की घरात मी एकटीच असते, आणि बोलायला दुसरं कुणी नाही.

मावशी बाजारात कसाव्याच्या कंदाच्या पिठाची घावनं विकते. एकदा जाताना ती एवढंच म्हणाली, "आईच्या फोटोची काच पूस गं."

मी दीड वर्षाची असताना आई गेली. तिचा हा एकच फोटो. मूळचा ओळखपत्रावरचा, नखाएवढा. गावोगाव फिरून फोटो रंगवणाऱ्या अब्दियासने तो मोठा केला. सगळ्यांना विचारतो तसं त्याने मावशीलाही विचारलं होतं, "कपडे कुठले? दागिने? आणि रंग किती उजळू?"

"निळा झगा, मोत्यांचे डूल. आणि चांगली गोरी कर. रेसिफे शहरात नोकरी मागायला गेली की, चेहरा बरा हवा म्हणून दारातूनच परत पाठवायचे तिला. निदान भिंतीवर तरी..."

म्हणून फोटोतली आई गुलाबी आहे आणि मी काळी. वर्गातल्या मुली म्हणतात, "ही तुझी आई? मग तुला काय नदीतून उचलून आणलं?" मला तिचा खरा चेहरा एकदाच पाहायचा होता. बाकी काही नको होतं.

दुपारची वेळ होती. उन्हात कोंबडीसुद्धा हलत नव्हती. काच पुसताना आईच्या हनुवटीवर काळसर डाग दिसला. पुसला तरी जाईना. तो काचेच्या आत होता. मी जवळ गेले, तर खोबरेलाचा आणि इस्त्रीच्या कपड्यांचा वास आला. तो डाग नव्हता. ती कातडी होती, माझ्यासारखी.

मग रोज दुपारी मी खुर्ची ओढून समोर बसू लागले. रोज थोडा थोडा रंग मागे सरकायचा. ओठ आले. गाल आला, त्यावर कांजण्यांचा बारीक खड्डा. मी तिला शाळेतलं सगळं सांगायचे. इतकं मी कुणाशीच बोलले नव्हते.

एके दिवशी शाळेत बाईंनी माझी हनुवटी वर उचलली. "इरासी, काय लावतेस गं? किती उजळलीस!" मुलींनी पहिल्यांदाच सरकून मला बाकावर जागा दिली.

घरी येऊन आरसा पाहिला. साबणाने घासलं, राखेने घासलं. बोटाला काहीच लागेना.

संध्याकाळी मावशीने आधी माझा चेहरा पाहिला, मग फोटो, आणि तो भिंतीकडे तोंड करून टांगला. "बघायचं नाही. आणि कुणाला सांगायचं नाही."

"पण मावशी, आता तिचं नाक आणि डोळेच राहिलेत..."

मावशी माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "पोरी, तुझंही नाक आणि डोळेच राहिलेत."

आज ती बाजारात गेल्यावर पाहिलं, तर फोटो सरळ होता. मी हात लावलेला नाही. नाक मोकळं झालंय, रुंद, सुंदर. आता फक्त डोळे. मी स्वयंपाकघरात पळून आले, दार लावलं आणि हे लिहायला बसले. आरसा पालथा घातलाय.

बैठकीतून हाक येतेय. आवाज मावशीचा नाही. "इरासी... बाळा, इकडे बघ ना..."

इतक्या मायेने मला कधी कुणी हाक मारली नव्हती. मी फक्त एकदाच जाऊन