चकव्याच्या एकतीस गोट्या

"आजोबा, तुमच्या कपाटातला एक जिवंत व्हायरस मला घरी न्यायला द्याल का?"

खरं सांगते, हा प्रश्न माझा नव्हता. आफरीन आणि तनिष्कानं पैज लावली होती. "विचारूनच दाखव," तनिष्का म्हणाली, "कप मिळाला म्हणून फार मिरवतेस ना!" तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मी पहिली आले होते आणि तेव्हापासून वर्गात माझा हात खाली येतच नव्हता. उत्तर येवो न येवो, हात वर! मग पैजेला घाबरते की काय? विचारलं.

भाऊआजोबा म्हणजे माझ्या आईचे काका. तीस वर्षं त्यांनी पुण्यात कॉम्प्युटरचे व्हायरस पकडायचं काम केलं आणि निवृत्त झाल्यावर ते आमच्या निंबोळ्याला येऊन राहिले. त्यांच्या स्वयंपाकघरात एक जाळीचं कपाट आहे. पूर्वी त्यात दूध-तूप असायचं, आता त्यात एक जुनाट कॉम्प्युटर बसलेला असतो. त्याला बाहेरच्या जगाशी जोडणारं काही म्हणजे काहीच नाही. आजोबा त्याला 'पिंजरा' म्हणतात.

"आधी सांग, व्हायरस म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"वाईट प्रोग्राम!" माझा हात सवयीनं वर.

"हात खाली घे, इथं तू एकटीच आहेस." ते हसले. "प्रोग्राम म्हणजे यंत्रानं काय करायचं याच्या ओळीनं लिहिलेल्या सूचना. बरोबर? आता ऐक. मी लहान असताना घरी एक पोस्टकार्ड यायचं. वर देवाचं नाव आणि खाली धमकी. 'हे पत्र मिळताच अशीच अकरा पत्रं लिहून अकरा जणांना पाठवा, नाहीतर संकट येईल.' माझी आई घाबरून रात्र-रात्र पत्रं लिहीत बसायची. त्या पत्राला पाय होते का?"

"नाही."

"तरी ते गावोगाव फिरायचं. कारण त्यात स्वतःची नक्कल करायची सूचना होती, आणि ती पाळणारं माणूस सापडायचं. व्हायरस म्हणजे तेच पत्र. फरक एवढाच की कॉम्प्युटर पत्र फाडून चुलीत टाकत नाही. सूचना दिसली की पाळतो."

मग त्यांनी पिंजऱ्यातला एक व्हायरस मला दाखवला. त्याचं नाव 'चकवा'. रानात चकवा लागला की माणूस फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो म्हणतात ना, तसं हा यंत्राच्या घड्याळाला करतो. आत शिरला की पहिला दिवस अगदी शहाण्यासारखा झोपून राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला जागा होतो. दहाचे अकरा होतात आणि अकराच्या ठोक्याला पुन्हा दहा! यंत्र दिवसभर तोच एक तास जगत राहतं. बंद करून सुरू केलं की पुन्हा एक दिवस शहाणपणा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"कुणाची तरी गंमत होती," आजोबा म्हणाले. "नवी यंत्रं याला दारातच ओळखतात. हा चालतो फक्त जुन्यांवर."

मला तो भयंकर आवडला. "द्या ना, आजोबा! शाळेत शनिवारच्या शिदोरीला नेते."

"जिवंत द्यायचा नसतो, देवयानी. मी तुला वाळवलेला देतो. कागदावर छापलेला, नक्कल करायची ओळ कापून टाकलेला. वर्गात वाचा, समजून घ्या."

आणि मग मी कपाच्या वेळचा हात केला, उजवा पुढे, डावा छातीशी. "म्हणजे ज्ञान कपाटात कोंडून ठेवायचं? मग शिकणार कोण?"

आजोबा खूप हसले. कपाटातून त्यांनी एक निळी गोटी काढली. गोटी म्हणजे माहिती साठवायचा मणी, हल्ली सगळ्यांच्या खिशात असतो तसा. त्यांनी तिच्यात चकवा भरला आणि जाड नोंदवही पुढे केली. कोण नेतंय, कधी परत आणणार, कशासाठी. 'कशासाठी'खाली इतर लोकांनी पाच-पाच ओळी लिहिल्या होत्या. मी एकच शब्द लिहिला, 'शिक्षणासाठी', आणि झोकात सही केली.

"एक अट," ते म्हणाले. "ही गोटी तुझ्या हातातून दुसऱ्या हातात जायची नाही."

"प्रॉमिस!"

आता शिदोरीबद्दल सांगायला हवं. आमच्या शाळेत दर शनिवारी शेवटच्या तासाला 'विज्ञान शिदोरी' असते. एकेकानं काहीतरी आणायचं आणि ते सगळ्या वर्गाला वाटायचं. बी आणलं तर सगळ्यांना बी, प्रयोग आणला तर सगळ्यांना त्याचं सामान. नुसतं दाखवून परत खिशात घातलं तर पोरं 'एकलकोंडा, एकलकोंडा' म्हणून टेबल बडवतात. मागच्या वर्षी एकानं चुंबक वाटला नाही, त्याला अजून चिडवतात.

मी शाळेच्या अडगळीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर चकवा सोडला. त्याचं घड्याळ दुसऱ्या दिवशीच्या दहावर नेलं, मग अकराला एक मिनिट कमी इतकं पुढे ढकललं आणि अकराचे दहा झाले! वर्गानं बाकं डोक्यावर घेतली. बाई म्हणाल्या, "वा, देवयानी!" आणि मग सगळ्यांचे हात पुढे आले. शिदोरी ना! द्यायलाच हवं.

आजोबांची गोटी मी कुणाला दिली नाही. ती माझ्याच खिशात होती. मी फक्त बाकीच्या एकतीस जणांच्या गोट्या एकामागून एक त्या कॉम्प्युटरच्या खाचेत ठेवल्या. मला काही करावंच लागलं नाही. चकवा आपोआप प्रत्येकीत उतरत गेला. तेव्हा मला ते किती भारी वाटलं!

"यानं काही बिघडणार नाही ना गं?" आफरीननं विचारलं.

"छे! फक्त जुन्या यंत्रांवर चालतो. आणि जुनी यंत्रं आता असतात कुणाकडे?"

सोमवारी आफरीन शाळेत आली नाही. आमची उन्हाळ्यातली सकाळची शाळा. सुटल्यावर मी थेट तिच्या घरी गेले. घरामागं त्यांची रेशमाच्या अळ्यांची शेड आहे. तिची अम्मी, रुकसानाखाला, एकटीनं ती सांभाळते. त्या शेडमध्ये कुणालाही असंच जाता येत नाही. दारात ब्लीचिंग पावडरच्या पाण्याची परात असते, तिच्यात पाय बुडवायचे. मग चुन्याच्या पट्ट्यावरून चालत जायचं आणि आत ठेवलेल्या चपला घालायच्या. कारण अळ्यांनाही व्हायरस होतो, खराखुरा, जिवंत. बाहेरच्या एका पायाबरोबर आला तर अख्खी बॅच जाते.

मी पाय बुडवले आणि आत गेले.

नेहमी तिथं अळ्या पानं खातात त्याचा आवाज येतो, कढईत भजी तळताना येतो तसा. त्या दिवशी अर्धी शेड गप्प होती. डाव्या बाजूच्या सगळ्या मांडण्यांवर तुतीची पानं तशीच पडली होती आणि त्यांच्यावर अळ्या लांब होऊन मरून पडल्या होत्या. चारच दिवसांत त्या कोष विणायला बसणार होत्या. रुकसानाखाला सुपानं त्या गोळा करत होती.

"काय झालं?" मी आफरीनला विचारलं. तिचे डोळे सुजले होते.

तिनं मला कोपऱ्यात नेलं. "शनिवारी संध्याकाळी मी आपली गोटी या यंत्राला लावली. घरातल्या नव्या यंत्रानं ती घेतलीच नाही ना! म्हटलं, गंमत बघू."

भिंतीवर शेडचं यंत्र होतं. नऊ वर्षांचं जुनं. त्याचा तापमान मोजणारा भाग कधीच बिघडला होता, म्हणून ते घड्याळावर चालायचं. साडेअकराला कूलर आणि पाण्याचे फवारे सुरू, संध्याकाळी सहाला बंद. रविवारी बाहेर बेचाळीस अंश होतं. खाला लांबच्या रानात तुती कापायला गेली होती. आणि यंत्राचे साडेअकरा वाजलेच नाहीत.

"अम्मी खूप बोलली," आफरीन कुजबुजली. "मी सांगितलं, गोटी मला रस्त्यात सापडली."

"का? माझं नाव का नाही घेतलंस?"

"तुझं कशाला घेऊ? तू तर शिकवायला दिली होतीस."

माझ्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं.

तेवढ्यात खाला जवळ आली. "देवयानी, तू हुशार आहेस, बेटा. हिला जरा अक्कल शिकव. रस्त्यातली वस्तू कुणी उचलून घरात आणतं का? आज मेकॅनिक आला होता. गोटी काढली, यंत्र बंद करून चालू केलं. म्हणाला, आता बघायची गरज नाही. उद्या मला चंद्रिका आणायला तालुक्याला जायचंय. उरलेल्या अळ्यांना कोष विणायला जाळ्या तर हव्यात."

मी यंत्राकडे पाहिलं. घड्याळ अगदी बरोबर चाललं होतं. त्या मेकॅनिकला माहीत नव्हतं, खालाला माहीत नव्हतं, आफरीनला आठवलं नव्हतं. गोटी काढली तरी चकव्यानं केव्हाच स्वतःची नक्कल आत करून ठेवली होती. यंत्र बंद-चालू झालं होतं. म्हणजे एक दिवस शहाणपणा. उद्या दहाला तो पुन्हा जागा होणार, आणि उद्या खाला घरी नसणार.

सांगायचं होतं. वक्तृत्वात पहिली आलेली मी. तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "हो, खाला." बस. चुन्यावरून चालत बाहेर आले तेव्हा पांढऱ्या पायांची मलाच शिसारी आली.

भाऊआजोबांना मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खाली बसले.

"पण तुमची गोटी मी कुणाला दिली नव्हती," मी म्हणाले, आणि म्हणताना मला स्वतःचाच आवाज नकोसा झाला.

"गोटी कसली धरून बसलीस? नक्कल गेली ना?" ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "अट घालताना मीही गोटीचंच बोललो. तीस वर्षं हे काम केलं आणि एका पोरीनं हात वर करून भाषण ठोकलं, तर विरघळलो."

"मी वाईट हेतूनं नाही केलं, आजोबा."

"माहीत आहे. म्हणूनच नीट ऐक. ते पोस्टकार्ड आठवतं? पत्राची नक्कल होते. लिहिणाऱ्याच्या मनाची होत नाही. तू एकतीस गोट्यांत चकवा घातलास. तुला तो कसा वागतो ते माहीत होतं, कुठं सोडायचा नाही तेही माहीत होतं. यातलं काही त्या गोट्यांत गेलं का? तुझा हेतू, तुझी काळजी, मी सांगितलेलं सगळं मागेच राहिलं. पुढे गेला तो नुसता चकवा."

"मग व्हायरसबद्दल कुणाला शिकवायचंच नाही का?"

"उलट, सगळ्यांना शिकवायचं! त्या मेकॅनिकला चकवा माहीत असता तर तो गोटी काढून निघून गेला असता का? व्हायरस कसा शिरतो, कसा लपतो, कसा ओळखायचा, हे ज्ञान जेवढं वाटशील तेवढं थोडं. शिदोरीत न्यायचं असतं ते हे. जिवंत नमुना ही वेगळी गोष्ट. तो लागतो औषध शोधणाऱ्यांना, म्हणजे व्हायरस पुसायचा प्रोग्राम लिहिणाऱ्यांना. तोही पिंजऱ्यात, नाव लिहून, जबाबदारी घेऊन. जिवंत नमुना हातात घेण्याआधी स्वतःला विचारायचं, शिकायला हा जिवंतच हवा आहे का? वाळवलेल्यावर भागणार नाही का? आणि सुटला तर तो कुणाच्या दारात जाईल? त्या माणसाला मी विचारलं आहे का?"

मला पाण्याची ती परात दिसली. रुकसानाखाला दारात आलेल्या प्रत्येकाला पाय बुडवायला लावते. आणि मी तिच्या घरात दुसऱ्याच वाटेनं शिरले होते, तिला न विचारता, तिच्याच मुलीच्या हातून.

आजोबांनी नोंदवही उघडली. माझ्या 'शिक्षणासाठी'वर त्यांनी काट मारली नाही. खाली लिहिलं, 'देणाऱ्यानं पुरेसं विचारलं नाही,' आणि सही केली. मग पेन माझ्याकडे दिलं. मी लिहिलं, 'मित्रमैत्रिणींनी एकलकोंडी म्हणू नये म्हणून.' अक्षर वाकडं आलं. पण ते 'शिक्षणासाठी'पेक्षा खरं होतं.

"खालांचं यंत्र साफ होईल?"

"होईल. सगळं पुसून पहिल्यापासून भरावं लागेल. उद्या सकाळी सामान घेऊन येतो, दोन दिवस तरी लागतील. आत्ता येऊ का तुझ्याबरोबर?"

"नको. आधी मी एकटी."

घरी आई भाकरी थापत होती आणि बाबा कांदा चिरत होते. मी सगळं सांगितलं, काहीही न लपवता. बाबांचा सुरीचा हात थांबला.

"अगं, पण यंत्र जुनंच होतं ना त्यांचं?" ते म्हणाले. "उद्या भाऊकाका जातील, दुरुस्त करतील. तुझं नाव मध्ये यायलाच हवं का? गावभर होईल. शाळेत..."

"होऊ दे ना गावभर," आई तवा उतरवत म्हणाली. "पण आधी ती काय म्हणते ते ऐका."

मी उभी होते. हात पुढे, हात छातीशी, असलं काही केलं नाही. दोन्ही हात मागे धरले होते.

"आई, बाबा, मी ठरवलंय. आत्ता मी आफरीनकडे जाते आणि खालांना सांगते की गोटी रस्त्यात सापडली नव्हती, मी दिली होती. त्या मला शेडमध्ये येऊ देणार नाहीत कदाचित. नाही दिलं तर दारात बसेन. उद्याच शाळेत एकतीसच्या एकतीस गोट्या पुसायला मागणार आहे. पोरांना टेबल बडवू दे. शनिवारी शिदोरीत त्यांच्या बदली वाळवलेला चकवा वाटेन आणि तो ओळखायचा कसा ते शिकवेन, त्या मेकॅनिकलाही बोलावून. सुट्टीत आत्याकडे पुण्याला जाणार नाही. नवी बॅच येईल तेव्हा पानं घालायला मी असेन. आणि उद्या साडेअकराला कूलर मी लावणार, सहाला मी बंद करणार. यंत्र बरं होईपर्यंत त्या शेडचं घड्याळ मी आहे."

बाबांनी सुरी खाली ठेवली. मी दारातल्या चपला पायात घातल्या.