अक्का, पाहुणा आणि मधली पाटी

मासा परत करायला आलेला माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला. नूर महंमद चाचांच्या मत्स्यालयाच्या दुकानात मी समुद्री मीठ घ्यायला गेले होते, आणि हा उंच मुलगा प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून उभा होता. पिशवीतल्या पाण्यात बोटाएवढा क्लाउनफिश. लालबुंद, अंगावर पांढरे पट्टे, शेपटी कुरतडलेली.

न विचारता बोलायची माझी सवय आहे. "दोघं सारख्या मापाचे आणले होते ना?"

"हो... जोडी शोभून दिसावी म्हणून."

मला हसू आवरेना. आपल्याकडे स्थळ बघताना शिक्षण, शेती, उंची सगळं तोलामोलाचं बघतात; या बिचाऱ्याने माशांचंही तसंच जमवलं होतं. पण या जातीत बरोबरीचे दोघं एकत्र आले की घर कुणाचं यावरून जिवावर उठतात. मोठी ती मादी, लहान तो नर. लहानाने आधी तिच्यापुढे तिरपं होऊन थरथरायचं, म्हणजे घर तुझंच बाई, मी आपला पाहुणा. मग ती त्याला राहू देते, तेही तिच्या मनात आलं तर.

हे सगळं मी तिथेच ऐकवलं. चाचांनी त्याला बजावलं की हिच्या घरी अशी एक मोठी मादी आहे, अक्का नावाची, आणि तिने आजवर दोन नवरदेव पळवून लावलेत.

"फक्त मासोळीच पळवते का?" त्याने माझ्याकडे बघत विचारलं.

मी डोळे वटारले. तो हसला. हसू चांगलं होतं, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागलं.

त्याचं नाव योगराज. धुळ्यात दुकानांच्या पाट्या करायचा, अ‍ॅक्रिलिकची अक्षरं कापायचा. मी जळगावात माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत. ठरलं असं की त्याचा मासा माझ्या टाकीत पाहुणा म्हणून राहील, आणि तेच त्याचं नाव पडलं. अक्का आणि तो यांच्यामध्ये आरपार दिसणारी, भोकं पाडलेली पाटी बसवायची, म्हणजे ओळख होईल पण चावाचावी होणार नाही. पाटी योगराज करून आणेल. आणि मासा त्याचा, म्हणून दर रविवारी तो बघायला येईल.

पहिल्या रविवारी तो पाटी काखोटीला मारून एसटीने आला. आम्ही मूळचे रावेरकडचे, शहरात राहूनही आईची बोली बदललेली नाही. आईने त्याला वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मासोयीले नवरदेव पाहतं, आन् सोताचं?"

मी ताटात बघत बसले. मी नाकारलेली स्थळं आई सगळ्यांना सांगायची. पण मुलगी फार तोडून बोलते म्हणून मला नाकारणारेही होते. ते मला लागलं होतं. मी कधी दाखवलं नाही, एवढंच.

योगराजला मात्र माझं तोडून बोलणं आवडत असावं. मी त्याला मूर्ख म्हटलं की तो आनंदाने मान डोलवायचा आणि पुढचा प्रश्न विचारायचा. बाह्या सरसावून तो टाकीत हात घालायचा. बाहेर काढल्यावर मिठाचं पाणी वाळून त्याच्या मनगटावर पांढरट नक्षी उरायची. मी माशांकडे बघतेय असं दाखवत तीच बघायचे.

मग थंडी सरता सरता पाहुणा अक्कासमोर तिरपा झाला आणि नखशिखांत थरथरला. अक्का त्याच्यावर धावली नाही. एका बुधवारी संध्याकाळी मी पाटी काढली आणि हातात जाळी धरून श्वास रोखून बसले. अक्का जरा सरकली. पाहुणा तिच्या कुशीत जाऊन टेकला.

मला कधी नव्हे इतका आनंद झाला. योगराजला सांगायला फोन उचलला... आणि खाली ठेवला. जोडी जमली होती. आता त्याला धुळ्याहून यायचं कारणच उरलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी पाटी पुन्हा मध्ये घातली.

"अजून नाही," मी त्याला सांगितलं, "अक्का फार चिडकी आहे." तो गेला की मी पाटी काढायची, पुढच्या रविवारी परत घालायची. बिचारा पाहुणा पलीकडून नाक घासत राहायचा, मला त्याच्याकडे बघवायचं नाही. तरी मी तेच करत राहिले.

होळीच्या सुमाराला एका शनिवारी टाकीतल्या पालथ्या कुंडीवर नारिंगी दाणे दिसले. अंडी. पाहुणा परांनी त्यांना वारा घालत होता. घड्याळ लावल्यासारखा, न थांबता.

रविवारी सकाळी पाटी हातात घेऊन मी टाकीपुढे उभी राहिले. अंडी अक्काच्या बाजूला होती. पाटी घातली तर बाप पलीकडे अडकणार, आणि त्याने वारा घातला नाही की अंडी कुजतात. नाही घातली तर योगराजला सगळं कळणार. जिन्यावर त्याची पावलं वाजली. माझे हात वर गेलेच नाहीत.

तो आत आला. त्याने टाकी पाहिली, मग माझ्या हातातली पाटी.

"कधीपासून?"

"बरेच रविवार झाले." मी पाटीकडे बघतच बोलत राहिले. "सांगितलं असतं तर तुम्ही आला नसतात. आणि मला तुम्ही यायला हवे होतात. माशासाठी नाही."

इतकं सरळ मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. कान तापले होते. मासा त्याचा होता. तो चिडला असता तरी मी काही बोलू शकले नसते.

त्याने पाटी माझ्या हातातून घेतली. "पाण्यात राहिली तर हिच्यावर हिरवं शेवाळ चढतं, मयुरी. हल्ली दर रविवारी ही नव्यासारखी लखलखीत असायची. मी कापलेली पाटी, मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर यायला निमित्त काय होतं?"

म्हणजे हे महाशय सगळं माहीत असून गंभीर चेहऱ्याने विचारायचे, अक्का कशी आहे म्हणून. मला रागवायचं होतं. पण तो जवळ आला आणि त्याच्या घरच्या बोलीत, हळूच म्हणाला, "तू माले भलती आवडस."

मी त्याचं मनगट धरलं. मग म्हणाले, "अंडी फुटली की पिल्लांना दिवसरात्र खायला घालावं लागतं. नुसतं रविवारी येऊन भागायचं नाही, योगराज."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. पाटी भिंतीला टेकवून ठेवली, केसांवरून हात फिरवला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"मावशी," त्याने हाक मारली, "जरा बाहेर येता का? तुम्हाला एक विचारायचंय."