कोपरा तुटलेले दिवे

"रोल मी बिघडवलेला नाही," तो तरुण चौथ्यांदा म्हणाला आणि भाऊजींचा पारा चढला.

"अरे बाबा, आम्ही म्हटलंय का तसं? आल्यापासून एकच पालुपद. बस आधी."

भाऊजींचा पारा चढायला फार काही लागत नसे. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवताना वाकड्या रेघांवर काढलेला राग निवृत्तीनंतरही भरपूर शिल्लक होता. आता ते थोरल्या वहिनींची गाडी चालवत आणि स्वतःच्या मते त्यांना तपासात मदत करत. वहिनींनी हयातभर विमा कंपनीत दावे तपासले होते. खोटं कुठे शिवलंय ते त्यांना टाका न उसवता कळायचं. नोकरी संपली तशी त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत खाजगी तपासाचं काम सुरू केलं होतं.

"पहिल्यापासून सांग," वहिनी म्हणाल्या.

तरुणाची नखं रसायनांनी तपकिरी झाली होती. "माझी ताई पोर्ट्रेट काढते. मी तिच्या स्टुडिओत डार्करूम सांभाळतो, फिल्म धुतो. आई आजारी होती. जन्मभर कॅमेरा दिसला की आत पळणारी बाई, ती स्वतःहून म्हणाली, काढ माझे फोटो. ताईने त्यासाठी मिडियम फॉरमॅटची, म्हणजे मोठ्या चौकोनी फिल्मच्या कॅमेऱ्याची, एक सेकंडहँड लेन्स घेतली. एकच रोल, बारा फोटो. नऊ दिवसांनी आई गेली."

"आणि रोल?"

"दुधात बुडवून काढल्यासारखा. एकाही फोटोत आईचा चेहरा धड नाही. सगळ्या नातेवाइकांसमोर ताई म्हणाली, ह्याने आईला दुसऱ्यांदा मारलं. दोन महिने एका घरात राहतोय, एक शब्द बोलत नाही."

"तुला काय हवंय?"

"तिने एकदा म्हणावं, तुझी चूक नव्हती. बाकी काही नको."

भाऊजींना आपल्या मघाच्या आवाजाची लाज वाटली. लाज वाटली की त्यांना आणखी राग यायचा.

ताईने स्टुडिओचं दार उघडलं ते भांडायच्या तयारीनेच. भावाला बघून ती बाजूला झाली, पण नजर त्याच्या डोक्यावरून पलीकडे ठेवून. तो दारातच उभा राहिला.

"ह्याची वकिली करायला आलात?"

"मी विम्यातली बाई," वहिनी म्हणाल्या. "कागद बघते आणि जाते. निगेटिव्ह दाखवाल?"

दिव्याच्या काचपेटीवर ताईने दोन पारदर्शक पाकिटं आपटली. "हा ट्रायलचा रोल, हा आईचा. दुकानदार लेन्स एक दिवस वापरायला देतो. मी त्याच्या पायरीवरच एका ओळखीच्या मुलीचे फोटो काढले. केस न केस मोजता येईल असे आले. दुसऱ्या दिवशी लेन्स परत दिली आणि चार दिवसांनी तीच विकत घेतली. त्याने धूळ नको म्हणून पिशवीत सील करून दिली, पण पिशवीतूनही नंबर जुळवला मी. बावळट नाही. घरी पिशवी फोडली, कॅमेऱ्याला लावली आणि आईला खिडकीत बसवलं. मग बदललं काय? ह्याचं धुणं. रोल धुतला तो आई गेल्यावर, रडत होता, औषध कमीजास्त केलं असणार."

"भाऊजी, जरा बघा. फिल्मच्या कडेला आकडे आहेत?"

भाऊजींनी भिंगाला डोळा लावला. "आहेत की. आईंच्या रोलवर एक ते बारा, काळेकुट्ट, सुबक. ट्रायलवर पण तसेच, फक्त अकरापर्यंत."

"हे आकडे कारखान्यातच फिल्मवर उमटवलेले असतात ना?"

"हो. फोटोबरोबर तेही धुतल्यावरच दिसतात," ताई वैतागून म्हणाली. आपण काय बोललो ते तिने स्वतः ऐकलं नाही.

"आणि बारावी?"

"ट्रायलची? ती मी काढलीच नव्हती. कोरी म्हणून कापून टाकली असेल ह्याने."

दारातला भाऊ आपली नखं बघत होता.

भाऊजी अजून आईच्या फोटोंवरच रेंगाळले होते. खिडकीतल्या खुर्चीत एक पांढुरका आकार, आणि मागे समोरच्या इमारतीचे संध्याकाळचे दिवे. "माणूस गेलं धुक्यात, पण मागचे दिवे बघा. पंचकोन, पाचही कोपरे कंपासपेटी घेऊन काढल्यासारखे."

"लेन्सच्या आत पाच पाती असतात. प्रकाश कमी करायला ती मिटवली की मागचे धूसर दिवे त्या भोकाच्या आकाराचे दिसतात," ताई म्हणाली. "लेन्स ही घ्या. त्या दिवसापासून डबा उघडलेला नाही."

वहिनींनी मागच्या बाजूने टॉर्च मारला. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती. ताईचा चेहरा उतरला.

"ही नव्हती. म्हणजे... दोन महिने कपाटात होती. दमट आहे जागा."

"दुकानदाराला कळवलंत?"

"त्या बिचाऱ्याचेच तीन फोन आले. लेन्स आणून द्या, फुकट साफ करून देतो म्हणतो. आई गेली तेव्हा घरी येऊन बसला होता. रक्ताच्या माणसापेक्षा बरा."

दारातला भाऊ वळला आणि जिना उतरून गेला.

दुकानदाराला सगळे फोटोवाले मामा म्हणत. तोंडात साखर, हातात चहा. समोर दिव्यांचं दुकान होतं, भर दुपारीही शंभर बल्ब पेटवून बसलेलं. मामांच्या भिंतीवर सात फ्रेमा होत्या, सगळ्या दुकानाच्या आतून काढलेल्या, ह्याच पायरीवर बसवलेल्या माणसांच्या, मागे समोरचे बल्ब धूसर. प्रत्येकीखाली गिऱ्हाइकाचं नाव, तारीख आणि लेन्सचा नंबर.

"माझी रीत आहे," मामा म्हणाले. "ट्रायलचा एक प्रिंट मला द्यायचा. सात माणसं, सात लेन्सा, एक तक्रार नाही."

"तक्रार मी करतो," भाऊजी म्हणाले. "माझ्या वर्गात कोणी असे दिवे काढले असते तर कान पिळला असता. प्रत्येक पंचकोनाचा उजवा खालचा कोपरा उंदराने खाल्ल्यासारखा आहे."

मामा खळखळून हसले. "सर, जुन्या लेन्सचे लाड असतात ते."

"तुम्ही उघडता का हो लेन्स?" वहिनींनी विचारलं.

"छे. मी व्यापारी माणूस, एक पट्टी कधी काढली नाही. सगळं कारागिराकडे जातं. गेल्याच आठवड्यात तीन पाठवल्या. पण आता त्याचा हात कापतो." मामांनी आवाज उतरवला. "ताईंच्या लेन्सचं काय झालं असेल, तुम्हीच समजा. मी म्हाताऱ्याच्या पोटावर पाय आणणार नाही."

चहा भाऊजींच्या बोटांवर सांडला. गल्ल्याजवळ पावत्यांवर वजन म्हणून बेसिनचं काळं रबरी बूच ठेवलेलं होतं, म्हणून त्यांनी हात धुवायला बेसिन शोधलं. दुकानात बेसिन नव्हतं. नळ गल्लीच्या टोकाला होता. भाऊजी तणतणत तिथपर्यंत गेले.

कारागीर रागात भाऊजींच्याही वरचढ निघाला. "कोणी पाठवलं? मामाने? मग चालू लागा." कपबशी त्याच्या हातात खडखडत होती, पण त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि तोच हात स्थिर झाला. "वर्ष झालं, त्याच्याकडून एक लेन्स आली नाही. बाजारात सांगत फिरतो माझा हात गेला म्हणून."

वहिनींनी ताईची लेन्स पुढे केली. त्याने टॉर्चने एकदाच बघितलं. "ही दोन महिन्यांची नव्हे. दोन महिन्यांत एखादा ठिपका येतो. ही कित्येक वर्षं दमटात पडलीय. काचेचं अस्तर खाल्लंय हिने."

त्याच्या फळीवर हत्यारं ओळीने लावलेली होती. शेवटी एक मोठं रबरी बूच, मग रिकामी जागा, मग एक छोटं.

"हे कशाला?" भाऊजींनी विचारलं.

"पुढच्या गोल पट्टीला, जिच्यावर नंबर असतो, तिला स्क्रू नसतो मास्तर. रबर दाबायचं आणि फिरवायचं. मधलं बूच कोणीतरी ढापलं. सापडला तर हात तोडीन."

गाडीत बसताच भाऊजींनी निकाल दिला. "हाच. हात कापतो, मामावर दात आहे, नंबराची पट्टी काढायची विद्या आहे. मामाचं नाव घालवायला ह्यानेच केलं."

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "सकाळपासून तुम्ही दोनदा बरोबर उत्तर दिलंत. आता कशाला चुकीचं देताय? घरी चला, मला दोन-तीन फोन करायचेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ताई एका टोकाला, भाऊ दुसऱ्या टोकाला, कारागीर मध्ये धुमसत, आणि दाराशी साध्या कपड्यांतला एक शांत गृहस्थ, ज्याची ओळख वहिनींनी करून दिली नाही.

"आधी फिल्म," वहिनी म्हणाल्या. "ताई, कडेचे आकडे त्याच औषधात, त्याच मिनिटाला धुतले जातात. धुणं बिघडलं असतं तर आकडेही बिघडले असते. ते काळेकुट्ट आहेत. तुमच्या भावाने फिल्म उत्तम धुतली. धुकं लेन्समधून आलं."

ताईने पहिल्यांदा भावाकडे बघितलं.

"म्हणजे बुरशी," मामा हळहळले. "दमट कपाट."

"बुरशी कित्येक वर्षांची आहे. ट्रायलचा रोल मात्र लख्ख आहे. त्याला तीन महिनेही झाले नाहीत."

"नंबर एकच आहे, बाई. पावती बघा."

"नंबर पट्टीवर असतो, आणि पट्टी रबराने निघते. लेन्स मात्र स्वतःची खूण फोटोत सोडते. आईंच्या मागचे दिवे पाच कोपऱ्यांचे आहेत. तुमच्या भिंतीवरच्या दिव्यांचा उजवा खालचा कोपरा तुटलेला आहे. सातही फोटोंत तोच कोपरा, कारण ही फिल्म चौकोनी, कॅमेरा कोणी आडवा-उभा करत नाही. सात माणसं, सात नंबर, आणि पात्याला खोच पडलेली एकच लेन्स. तुमच्याकडे एक चांगली लेन्स आहे, मामा. ट्रायलला तिला खराब लेन्सची पट्टी घालता. सौदा ठरला की पट्टी परत खराब लेन्सवर, लेन्स पिशवीत सील. ज्याने स्वतः रोल काढून बघितलाय, तो पुन्हा टॉर्च मारत नाही, फक्त नंबर जुळवतो."

"आणि हे मी करतो? मला पट्टी काढता येत नाही. ह्या म्हाताऱ्याला विचारा."

"बेसिन नसलेल्या दुकानात बेसिनचं बूच कशाला लागतं?"

कारागिराने पावत्यांवरून बूच उचललं, उलटं केलं आणि आतल्या बाजूला ब्लेडने कोरलेली आपली खूण सगळ्यांना दाखवली. मग कोणाला न विचारता काचेच्या कपाटातली पुढची, ट्रायलला द्यायची लेन्स घेतली, पाती मिटवली आणि उजेडाकडे धरली. पंचकोनाचा एक कोपरा गायब होता. त्याचा हात जराही हलत नव्हता.

"तो बल्बवाल्याच्या दिव्यांचा दोष असेल," मामा म्हणाले. साखर संपत आली होती. "आमच्या रस्त्यावरचे दिवे आणि ह्यांच्या खिडकीतले दिवे, तुलना कशी होईल?"

"खरं आहे," वहिनी म्हणाल्या आणि भावाकडे वळल्या. "डार्करूमवाला फिल्मची एक फ्रेमही कोरी वाया घालवत नाही, जीवावर येतं त्याच्या. बारावी दाखव."

त्याने पाकिटातून बटर पेपरची घडी काढली. "ट्रायलच्या रोलमध्ये एक उरली होती, लेन्स त्या संध्याकाळी घरीच होती," तो ताईकडे न बघता म्हणाला. "आई खिडकीत उभी होती. कॅमेऱ्याला हात लावायचा नाही असं तू बजावलेलंस. नंतर दाखवली असती तर म्हणाली असतीस, कॅमेराही ह्यानेच बिघडवला."

ताईच्या स्टुडिओतली काचपेटी आणि भिंग वहिनींनी मागवून घेतलं होतं; निगेटिव्ह त्यांनी पेटीवर ठेवली. तीच खिडकी, तेच समोरचे दिवे. प्रत्येकाचा उजवा खालचा कोपरा तुटलेला.

दाराशी उभ्या असलेल्या गृहस्थाने खिशातून पोलिसांचं ओळखपत्र काढलं. मामांनी हात जोडले. "ताई, मी पैसे देतो. दुप्पट देतो."

"तिला परत खिडकीत बसवता का?" ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि भाऊजींना वाटलं चढला असता तर बरं झालं असतं. "नऊ दिवस होते माझ्याकडे. चांगली लेन्स दिली असतीत तर बारा वेळा आली असती ती. वर माझ्या घरी येऊन रडलात. आणि मी तुमच्यावर विश्वास ठेवून ह्याला..."

भाऊजींनीच मामांची कॉलर धरली. ती सोडवायला पोलिसाला जरा जोर लावावा लागला.

मामांना नेल्यावर ताई भावाकडे वळली. "दोन महिने आईला खिशात घेऊन फिरलास? आणि मला दाखवलं नाहीस?"

त्याने काचपेटी तिच्याकडे सरकवली.

ती काचपेटीवर वाकली आणि तिने भिंगाला डोळा लावला. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं दिसतं, पण तिला ते वाचायची सवय होती. आईने हात वर केला होता, धाकट्याला हाकलायला. तोंड उघडं होतं, हसताना सापडलेलं. कानामागची बट न बट वेगळी दिसत होती.

"धुतलंस चांगलं," ती भिंगातून डोळा न काढता म्हणाली. "चूक तुझी नव्हती. माझी होती. सगळ्यांसमोर बोलले, सगळ्यांसमोर परत सांगेन."

मग ती ताठ उभी राहिली आणि निगेटिव्ह दोन बोटांनी कडेला धरून त्याच्या हातात दिली.

"मोठा प्रिंट करायचाय. तूच कर. आणि पुन्हा माझ्या कॅमेऱ्याला हात..."

तिने त्याचा दुसरा हात घट्ट धरला. भाऊजी तोंड फिरवून भिंतीवरच्या सात फ्रेमा एकेक करून उतरवायला लागले.