डावीकडची फुली

समितीच्या साहेबांनो, मेलेल्या माणसाच्या पायाला तुम्ही पैकीच्या पैकी गुण दिलेत आणि त्या गुणांवर घोट्यात बसवायच्या नव्या स्क्रूला मंजुरी दिलीत.

मेलेला माणूस पोस्टमन होता. त्याची बायको वहिनींच्या ऑफिसात आली ती रुग्णालयाची प्रश्नावली मुठीत धरूनच. वहिनी खाजगी तपास करत. सोबतीला धाकटा दीर.

"स्क्रू बसवल्यापासून हे रडत जिना चढायचे. आठ महिन्यांनी हार्ट अटॅकनं गेले. हा कागद त्यानंतर चार महिन्यांनी भरलाय! 'जिना चढताना त्रास: अजिबात नाही.' अहो, त्यांची काठी मला अजून जिन्यावर ऐकू येते. आणि हाच कागद दाखवून परवा लेकीच्या घोट्यात तोच स्क्रू घालणार आहेत!"

कागदाच्या तळाशी पायांच्या दोन लांबट आकृत्या, शेजारी शेजारी, डावा-उजवा न लिहिलेल्या. 'ऑपरेशन झालेल्या पायावर फुली मारा.' फुली डावीकडच्या आकृतीवर.

"पाय कुठला?"

"उजवा."

"मेल्यावर डावं-उजवं कळत नसेल," दीर म्हणाला. हसलं कोणीच नाही. तोही नाही.

रुग्णालयात हे कागद तिघांच्याच हातांतून जात. वहिनींनी तिघांनाही कोरा कागद दिला. "उजव्या पायाचा रुग्ण समजा. फुली कशी मारतात?"

परिचारिकेनं कागद दिराच्या पावलांपुढे जमिनीवर ठेवला. "दादा, खाली बघा आणि तुम्हीच मारा. आम्ही हात लावायचा नसतो."

कारकुनानं मान वर न करता फुली मारली. "पाय मी बघतच नाही हो. मला नुसते आकडे. या स्क्रूचे काय झकास आलेत!"

सर्जन दिराच्या समोर स्टुलावर बसला, त्याचा उजवा घोटा मांडीवर घेतला आणि बोलता बोलता फुली मारली. वहिनींनी कागद पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी सगळे सर्जनच्या खोलीत जमले.

"रुग्ण स्वतःचे पाय वरून बघतो," वहिनी म्हणाल्या. "उजवा पाय उजवीकडे. सिस्टरांची पद्धत तीच. कारकून पाय बघत नाही. उजवा म्हटलं की उजवीकडे. भावजी, डॉक्टरांसमोर उभे राहा. त्यांचा उजवा पाय तुमच्या कुठल्या हाताला?"

दीर थबकला. "डाव्या!"

वहिनींनी दोन कागद टेबलावर ठेवले. डॉक्टरांचा कालचा आणि मेलेल्याचा. दोन्ही फुल्या डावीकडे.

"जन्मभर पाय समोरून बघितलेत, डॉक्टर. त्यांवर उभे कधी राहिला नाहीत."

सर्जन म्हणाला, "समितीला सगळे कागद हवे होते. एक कमी पडत होता."

"एक?" वहिनींनी कारकुनाकडचा गठ्ठा सोडला. उजव्या पायाचे सत्तावीस रुग्ण, सत्तावीस फुल्या डावीकडे. "हे सगळे मेलेले नाहीत. दुखून दुखून तपासणीला परत आलेच नाहीत, म्हणून त्यांचेही कागद तुम्हीच भरलेत."

पोस्टमनच्या बायकोनं लेकीचं संमतीपत्र टराटरा फाडलं.

लेक वाचली. बाकीच्यांच्या घोट्यात तो स्क्रू अजून आहे, आणि जिन्या-जिन्यावर काठ्या वाजताहेत. साहेबांनो, मंजुरी देण्याआधी तुम्ही त्यातल्या एकाला तरी विचारलंत का? हो की नाही? उत्तर द्या. आणि फुली स्वतःच्या हातानं मारा.