मे महिन्यातलं शेवाळ

"ही काय कळशी आहे? हे तर हेल्मेट वाटू लागलंय!" हेडफोनमधून शिवराज केकाटला.

"हातात धरून बघ. धरल्यावर दिसते नीट," सायली म्हणाली. भांडायचासुद्धा तिला कंटाळा आला होता.

"धरली! आता हेल्मेट हातात धरल्यासारखं दिसतंय!"

"शिवराज, गप रे!" मध्येच अभय बोलला. "सायली, कळशीच्या गळ्यापाशी एक गडद रेघ दे. मग उठून दिसंल."

सायलीनं घाम पुसला आणि माऊस पुढे सरकवला. लॅपटॉप बाबांचा जुना, त्याचा पंखा डोक्यावरच्या पंख्यापेक्षा जास्त आवाज करायचा आणि वारा दोघांचाही गरमच. चित्राला जागा केवढी? आडवे सोळा चौकोन, उभे सोळा चौकोन. तेवढ्यात अख्खी कळशी बसवायची! एक चौकोन इकडचा तिकडे झाला की कळशीचं हेल्मेट होतं, हे शिवराजचं म्हणणं तसं खोटं नव्हतं.

खेळ होता ठोकळ्यांचा. ठोकळ्यावर ठोकळा ठेवून घरं, किल्ले, अख्खी गावं बांधायची, तीही इंटरनेटवरून सगळ्यांनी मिळून. त्यातल्या प्रत्येक वस्तूवरचं चित्र, म्हणजे टेक्श्चर, आपल्या मनासारखं बदलता येतं. अभयनं आपल्या कॉम्प्युटरवर तिघांपुरती एक वेगळी दुनिया उघडली होती. तिथं ते स्वतःचीच इमारत बांधत होते, 'रेणुका पार्क', जिन्यासकट! टेक्श्चरचं खातं सायलीकडे. तिनं तलवारीचं लाटणं केलं होतं, ढालीचं टाकीचं झाकण, आणि आता बादलीची कळशी चालली होती.

गंमत अशी, की तिघं राहायचे त्याच इमारतीत. सायली तळमजल्यावर, अभय पहिल्या मजल्यावर, शिवराज दुसऱ्या. शिवराज ओरडला की हेडफोनमधून ऐकू यायचा आणि खिडकीतूनही. मग सुट्टी असून ही पोरं एका खोलीत का बसत नव्हती? कारण मोठ्यांचा हुकूम होता, तळमजलेवाल्यांशी बोलायचं नाही!

त्याचं असं झालं. रेणुका पार्क सगळं टँकरवर चालायचं. संध्याकाळी टँकर यायचा, मागच्या बाजूचा जमिनीखालचा हौद भरायचा आणि सकाळी बघावं तर हौद अर्धा! पाणी जातं कुठं? सोसायटीचे चेअरमन साहेबराव, म्हणजे अभयचे पप्पा, यांनी बसल्याजागी उत्तर काढलं. हौदाला सगळ्यांत जवळ कोण? तळमजला. मग तळमजल्यानं चोरून मोटार लावली असणार. सायलीच्या आईनं, करुणानं, घराची सगळी दारं उघडून दाखवली. "बघा, कुठं आहे मोटार!" लोकांनी पलंगाखाली वाकून बघितलं आणि जाताना म्हणाले, "लपवली असंल."

उन्हाळ्यात माणसाचं डोकं तापलेलं असतं, पुरावा कोण मागतो! बाबा वाळूजच्या कारखान्यातून पाळी करून यायचे ते अंथरुणावरच आडवे व्हायचे. सगळं ऐकून घ्यायचं ते आईनं. तिनं गॅलरीत धुणं वाळत घातलं, की वरून कोणीतरी म्हणायचं, "पाणी लई दिसतंय!" शेवटी ती ओले कपडे घरातच पंख्याखाली वाळवू लागली. आणि आता रविवारी सोसायटीची बैठक होती. सायलीच्या घरमालकाला सांगायचं ठरलं होतं, की या भाडेकरूंना काढा. घर सुटलं तर शाळा सुटणार, ही दोन टाळकीही सुटणार. सायलीला रडू यायचं, पण रडायचंही त्राण नव्हतं.

"आता मागची कंपाउंडची भिंत तेवढी राहिली," ती म्हणाली. "मला तिकडं जाता येत नाय. हौदापाशी दिसले तर कल्ला होईल. शिवराज, तू फोटो काढून आण. जवळून काढ, मला रंग नीट दिसले पाहिजेत."

"एवढ्या उन्हात? मेलो मी!" असं म्हणत शिवराज गेला. थोड्या वेळानं फोटो आला. सायलीनं तो उघडला आणि तिचं टाळकंच सटकलं.

"पावसाळ्यातला जुना फोटो कामून पाठवला रे?"

"आत्ताचा आहे! चटके खाऊन आलोय, शप्पथ!"

"मग ही भिंत हिरवी कशी?"

तिनं फोटो मोठा केला. भिंतीवर पायथ्यापासून कमरेच्या उंचीपर्यंत कोवळं, पोपटी शेवाळ होतं. पावसाळ्यात तिनं शाळेच्या भिंतीवरचं शेवाळ टेक्श्चरसाठी काढलं होतं. दिवाळीनंतर तेच शेवाळ काळं पडून पापुद्र्यांसारखं गळायला लागलं, तेव्हा तिनं त्याचं दुसरं टेक्श्चर केलं होतं. शेवाळाचा सुकलेला रंग कोणता आणि जिवंत रंग कोणता, हे तिला तोंडपाठ होतं.

"अभय, हे शेवाळ जिवंत आहे," ती हळूच म्हणाली. "मे महिन्यात! याला रोज पाणी मिळतंय."

मग शिवराज म्हणाला, "तरीच! सगळी कुत्री दुपारची तिथंच पडलेली असतात. मी म्हटलं, यांना कूलर कुणी लावला!"

दुसऱ्या दिवशी दुपारी अख्खं रेणुका पार्क पडदे ओढून घोरत असताना तिघं मागं गेले. शिवराज कोपऱ्यावर पहाऱ्याला उभा राहिला. हौद आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये लोकांनी मोडक्या खाटा, गंजलेलं कपाट, फुटका कमोड असं काय काय टाकून ठेवलं होतं. त्या अडगळीत कधी कोणी फिरकायचं नाही. सायली आणि अभय अंग चोरून आत शिरले. एक कुत्रं नाराजीनं उठलं आणि दोन पावलांवर जाऊन पुन्हा आडवं झालं.

सायलीनं भिंतीला तळवा लावला. बाहेर रस्त्याचं डांबर वितळत होतं आणि ही भिंत गारेगार! अभयनं खाटेची एक सळई पायथ्याच्या मातीत खुपसली. सळई बाहेर आली ती चिखलानं माखून.

"हौद गळतोय!" सायली कुजबुजली. "पण एवढ्या जाड भिंतीचा हौद फुटेल कशानं?"

अभय वर बघत होता. हौदाला खेटून एक लोखंडी खांब उभा होता आणि खांबावर सौर दिवा. साहेबरावांचा लाडका दिवा! त्यांनी तो संक्रांतीला, पाहुणे बोलावून, नारळ फोडून बसवला होता.

"खड्डा खणताना मी इथंच होतो," अभय म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "पहार कशावर तरी ठाणकन बसली. गडी म्हणाला, साहेब, जरा बघावं लागंल. पप्पा म्हणाले, बघत काय बसतो, पाहुणे यायची वेळ झाली, ओत सिमेंट!"

तेव्हा थंडी होती, टँकर वेळेवर यायचा आणि हौदात डोकावायची कोणाला गरज पडली नव्हती. उन्हाळा लागला आणि सगळे चोर शोधायला निघाले!

अभयनं त्याच संध्याकाळी पप्पांना सांगितलं. "दिव्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही!" साहेबराव गरजले. "तळमजल्याच्या पोरीनं भरवलं ना हे तुझ्या डोक्यात?" शिवराजनं आपल्या आजीला, आशाबाईंना, सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "पोरांनी मोठ्यांत बोलू नाय." सायलीनं आईला सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं, आणि सुस्कारा सोडला.

"आपण बोललो तर म्हणतील, आपल्यावरचा आळ काकांच्या खांबावर ढकलतात. ऱ्हाऊ दे बाळा. मला आता कुणाशी भांडवत नाय."

सायली लॅपटॉपसमोर जाऊन बसली. हिरवी भिंत पडद्यावर तशीच उघडी होती. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग तिनं हेडफोन कानाला लावला.

"ऐका. काकांना आपण काही सांगायचंच नाय. काकांनीच सगळ्यांना तिथं घेऊन गेलं पाहिजे."

"ते कामून नेतील?" शिवराज म्हणाला.

"रागानं!"

मग तिघांनी उरलेली इमारत बांधायला घेतली. हातात बळ नव्हतं, त्यात दिवसभरात वीज दोनदा जायची आणि सायलीला तेच काम पुन्हा करावं लागायचं. मागच्या भिंतीचा ठोकळा तर तिनं कितीदा पुसला आणि कितीदा काढला. फोटोतला हिरवा रंग उचलायचा, एका चौकोनात ठेवायचा, मागं सरून बघायचं.

"दोनचार बेडूक टाक की! धबधबा दाखव!" शिवराजचा आग्रह चालला होता.

"एक चौकोनसुद्धा खोटा नको," सायली म्हणाली. "एक जरी खोटा निघाला तर सगळं खोटं धरतील."

रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये सतरंज्या अंथरल्या गेल्या. लोक येऊन बसले, पदरानं नि वर्तमानपत्रानं वारा घेऊ लागले. बोलायचा उत्साह कोणालाच नव्हता, पण कोणालातरी घराबाहेर काढायला आले होते. सायलीचे बाबा पाळीवर होते. आई जिन्यापाशी उभी होती आणि तिला कोणी 'बस' म्हटलं नाही.

"पप्पा, बैठकीआधी एक कार्यक्रम!" अभय पुढं झाला. "आम्ही कॉम्प्युटरवर आपली अख्खी सोसायटी बांधलीय."

साहेबराव खूश झाले. पोराचं कौतुक चार लोकांत होणार! त्यांनी स्वतःचा टीव्ही खाली आणवला. चित्र सुरू झालं आणि पेंगणारी माणसं सावरून बसली. हे आपलं गेट! हा जिना! दुसऱ्या मजल्यावर आशाबाईंचं दार, त्यावरचं वाकडं तोरणसुद्धा!

"अगं बया, माझं तोरण!" आशाबाई टाळ्या पिटत म्हणाल्या. "लई हुबेहूब हो!"

"चित्रं सगळी सायलीनं काढलीत," अभय म्हणाला.

"आमच्या दारावरचा ओरखडासुद्धा काढलाय पोरीनं," शेजारचे आप्पासाहेब आजोबा चष्मा पुसत म्हणाले. "नजर आहे!"

चित्र इमारतीला वळसा घालून मागं गेलं. सौर दिव्याचा खांब दिसला. साहेबरावांची छाती फुगली. आणि खांबामागं दिसली हिरवीगार भिंत.

"हे काय?" साहेबराव उठलेच. "भिंत हिरवी कामून दाखवली? आपण पिवळसर रंग दिलाय!"

"आहे तशीच काढलीय काका," सायली म्हणाली.

"आहे तशी? मे महिन्यात शेवाळ? माझ्या दिव्याखाली? सोसायटीची बदनामी करता!"

"काका, आजीचं तोरण तर बरोबर आहे," शिवराज भोळेपणानं म्हणाला. "मग भिंत चुकंल का?"

ठिणगी पडली! "चला!" साहेबराव गरजले. "सगळे चला! डोळ्यांनी बघा, म्हणजे या पोरीचा खोटेपणा कळंल!"

पुढं साहेबराव, मागं अख्खं रेणुका पार्क! त्यांनी स्वतःच्या हातांनी खाट ओढली, कपाट सरकवलं, आणि "ही बघा भिंत!" म्हणत तिच्यावर सणसणीत थाप मारली.

थाप पचकन वाजली. त्यांनी हात समोर धरला. तळवा हिरवा झाला होता.

आप्पासाहेब वाकले, त्यांनी काठीनं माती उकरली. उकरल्या जागेत हळूहळू पाणी भरलं. मग त्यांनी खांबाकडं पाहिलं, हौदाकडं पाहिलं.

"साहेबराव, हौदाला भोक पडलंय. आणि ते कुणी पाडलं, हे तुम्हाला माहीत असणार."

साहेबरावांनी हात पँटला पुसायचा म्हणून खाली नेला, मग ध्यानात आलं की पँट नवी कोरी आहे. "पहार माझ्यासमोर लागली होती," ते पुटपुटले. "मीच म्हणलो, सिमेंट ओत."

मग एकच गलका उडाला! पोरांनी कसं शोधलं, शेवाळाचा रंग कसा ओळखला, शिवराज सगळ्यांना हातवारे करून सांगू लागला. "शाबास रे पठ्ठे हो!" आप्पासाहेबांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. आशाबाईंनी सायलीच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. साहेबरावांनाही बोलायला काहीतरी सापडलं. "या पोरांचा सत्कार करू! जाहीर सत्कार! शाल देऊ!"

"शाल नको, काका," सायली म्हणाली. दमून तिचा आवाज अगदी बारीक झाला होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आमच्याशी नका बोलू. आईशी बोला."

सगळे वळले. आई इथंवर आलीच नव्हती, जिन्यापाशीच उभी होती. इतके जण आपल्याकडं येताना पाहून ती दोन पावलं मागं सरली. बिचारीला वाटलं, काहीतरी सापडलं आपल्याविरुद्ध.

साहेबराव तिच्यासमोर थांबले. त्यांचा हात अजून हिरवाच होता. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"वहिनी, चूक माझी होती आणि चोर तुम्हाला केलं. मला माफ करा."

"माझीबी जीभ लई चालली गं करुणा," आशाबाई मान खाली घालून म्हणाल्या.

आई रागावली नाही, हसली नाही. इतके दिवस ताठ उभी होती ती, आता पायरीवर मटकन बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. आशाबाई वाकत वाकत तिच्या शेजारी पायरीवर टेकल्या. दुसऱ्या बाजूला सायली जाऊन बसली, आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवताच तिला झोप लागली.